शिडाच्या नौकेवरील सूर्यशक्ति आणि तिचा कारभारी

वाऱ्याच्या बळावर चालणाऱ्या नौकेला दुसऱ्या कोणत्याहि शक्तीची गरज नाहीं, असें किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास सहज वाटतें. शिडें भरलीं कीं नौका चालूं लागते, हें खरेंच आहे. परंतु लांबच्या प्रवासास निघालेल्या आजच्या नौकेवर वाऱ्याच्या हातून न होणारीं कामें पुष्कळ असतात. रात्रीं डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा लावावा लागतो. जवळून जाणाऱ्या जहाजांना आपली जागा कळविणारें एआयएस यंत्र चालू ठेवावें लागतें. व्हीएचएफ रेडिओ, दिशा धरून ठेवणारें स्वयंचलित सुकाणू, तळाशीं साठणारें पाणी उपसणारा पंप, अन्न थंड ठेवणारी पेटी, या सर्वांना वीज लागते. ही वीज बॅटरींतून येते. आणि बॅटरी रोजच्या रोज भरली गेली नाहीं, तर थोड्याच रात्रींत ती नौका आंधळी, मुकी आणि बहिरी होऊन जहाजांच्या वाटेवर पडून राहते.

मुंबईंत सागवानी लाकडाची बांधलेली ‘सुहैली’ ही नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १९६८-६९ मध्यें एकट्यानें, कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. सौर घट त्या वेळीं उपग्रहांवर होते. साध्या नौकेच्या आवाक्यांत ते आलेले नव्हते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ मध्यें सिलिकनचा व्यवहारोपयोगी सौर घट लोकांपुढें मांडला, तेव्हां त्याची कार्यक्षमता शेंकडा सहाच्या आसपास होती. आज बाजारांत मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलची कार्यक्षमता शेंकडा वीसच्या वर गेली आहे. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें आणि अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केल्यापासून आपल्याकडील तरुणांनाहि दूरच्या दर्याची ओढ लागली आहे. अशा प्रवासाची तयारी करणारा नौकास्वामी पॅनेल मोठ्या हौसेनें निवडतो, बॅटरीवरहि बराच पैसा खर्च करतो. या दोहोंच्या मध्यें बसणारी लहानशी पेटी मात्र दुकानदार देईल ती घेतली जाते. तिचें नांव चार्ज कंट्रोलर. मराठींत तिला नियंत्रक म्हणावें. तिची निवड चुकली तर वरचें पॅनेल आणि खालची बॅटरी, दोन्हींचें मोल वायां जातें.

या पेटीची गरजच काय, असा प्रश्न प्रथम येतो. ज्याला बाजारांत बारा व्होल्टचें पॅनेल म्हणतात, त्यांत बहुधा छत्तीस घट एकापुढें एक जोडलेले असतात. कामाच्या वेळीं प्रत्येक घट सुमारें अर्धा व्होल्ट दाब देतो. म्हणजे सर्व मिळून सुमारें १८ व्होल्ट झाले. कांहींहि न जोडतां मोकळें ठेवल्यास हाच दाब २१-२२ व्होल्टपर्यंत चढतो. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीस भरण्यासाठीं सामान्यतः १४.४ व्होल्टपर्यंत दाब लागतो. त्याहून अधिक दाब तिला दीर्घकाळ मिळाला तर आंतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन वायु निघूं लागतो, पाणी आटतें आणि पत्रे झिजतात. उलट रात्रीं सूर्य नसतांना बॅटरींतील वीज पॅनेलकडे परत झिरपूं शकते. मोठ्या घरांत कोठीच्या किल्ल्या एखाद्या जाणत्या कारभाऱ्याच्या कमरेस असतात. शेतांतून किती धान्य आलें, कोठींत किती मावेल आणि दार केव्हां लावावें, हें तोच ठरवितो. नियंत्रकाचें काम नेमकें तेंच आहे.

म्हणूनच नियंत्रकाची निवड बॅटरीपासून सुरू करावी, पॅनेलपासून नव्हे. शिशाच्या बॅटरीस भरण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरींत बॅटरी रिकामी असते, तेव्हां मिळेल तेवढा सगळा प्रवाह तिला द्यावयाचा. दुसऱ्या पायरींत दाब १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर धरून ठेवावयाचा. या वेळीं बॅटरी घेत असलेला प्रवाह हळूहळू उतरत जातो. तिसऱ्या पायरींत बॅटरी भरलेली असते, म्हणून दाब १३.५ व्होल्टच्या सुमारास आणून ती तशीच राखावयाची. यांतील दुसरी पायरी फार महत्त्वाची आणि फार वेळखाऊ आहे. शेवटचा पांचवा हिस्सा भरण्यास कित्येक तास लागतात, आणि तेवढ्यांत सूर्य मावळतो. अशी अर्धवट भरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच राहिली तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर बसतात आणि तिची धारणशक्ति कायमची कमी होते. नौकांवरील पुष्कळशा बॅटऱ्या अतिभरणानें मरत नाहींत. त्या या रोजच्या उपासमारीनें मरतात.

शिशाच्या बॅटऱ्यांतहि जाति आहेत. पाणी घालावयाची साधी बॅटरी, जेलची बॅटरी आणि एजीएम बॅटरी यांना लागणारा दाब थोडथोडा निराळा असतो. जेलच्या बॅटरीस तो कमी हवा असतो, एजीएमच्या कांहीं बॅटऱ्यांस थोडा अधिक. शिवाय उष्णतेप्रमाणें हा दाब बदलावा लागतो. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीं दर अंश सेल्सिअसमागें सुमारें ०.०२४ व्होल्ट हा सामान्य हिशेब आहे. २५ अंशांस जें प्रमाण ठरविलेलें असतें, तें इंजिनशेजारच्या ४५ अंशांच्या कोंदट कप्प्यांत तसेंच ठेवलें तर दाब जवळ जवळ अर्धा व्होल्ट जास्त होतो. यासाठीं बॅटरीजवळ उष्णता मोजून दाब आपोआप बदलणारा नियंत्रकच घ्यावा.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा स्वभाव अगदीं वेगळा आहे. तिला अर्धवट भरलेलें राहणें बाधत नाहीं, भरलेल्या स्थितींत दाबून ठेवण्याची गरज नसते, आणि शून्य अंशाखालीं तिला भरतां येत नाहीं. उष्णतेप्रमाणें दाब बदलण्याची शिशाच्या बॅटरीची सोय तिच्यासाठीं बंद ठेवावी लागते. म्हणून ज्या नियंत्रकांत प्रत्येक पायरीचा दाब व कालावधि हातानें ठरवितां येतो, तो थोडा महाग पडला तरी घेण्याजोगा असतो. आज शिशाची बॅटरी असलेला नौकास्वामी उद्यां लिथियमकडे वळला, तरी नियंत्रक बदलावा लागत नाहीं.

बॅटरीचा स्वभाव कळला म्हणजे नियंत्रकाच्या दोन प्रकारांतून निवड करणें सोपें जातें. पहिल्यास पीडब्ल्यूएम म्हणतात. तो पॅनेलला बॅटरीशीं सरळ जोडतो आणि बॅटरी भरत आली कीं तो जोड अतिशय जलद तोडतो व जुळवितो, जेणेंकरून सरासरी प्रवाह आंवरला जावा. दुसऱ्यास एमपीपीटी म्हणतात. पॅनेल कोणत्या दाबावर अधिकांत अधिक शक्ति देईल हें तो सतत शोधीत राहतो, ती शक्ति त्या दाबावर घेतो आणि बॅटरीस हव्या त्या दाबावर बदलून देतो.

दोहोंतील भेद सराफाच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. बारा रुपये किंमतीच्या वस्तूसाठीं अठरा रुपये पुढें केले असतां पहिला दुकानदार वरचे सहा रुपये परत देत नाहीं. वस्तु मिळते, बाकी बुडते. दुसरा सराफ आपला थोडा बट्टा कापून घेतो आणि उरलेल्याची पुरती मोड हातावर ठेवतो. पीडब्ल्यूएम हा पहिला, एमपीपीटी हा दुसरा. शंभर वॅटचें पॅनेल १८ व्होल्टवर सुमारें ५.५ अँपिअर प्रवाह देतें. बॅटरी उतरलेली असून तिचा दाब १२.५ व्होल्ट असेल, तर पीडब्ल्यूएममधून तेच ५.५ अँपिअर मिळतात. एमपीपीटी आपला शेंकडा चारांचा बट्टा वजा करून सुमारें ७.७ अँपिअर देतो. हा फरक जवळ जवळ दीडपटीकडे झुकणारा आहे, आणि जाहिरातींत तोच सांगितला जातो.

परंतु हा हिशेब थंड पॅनेलचा आहे. पॅनेलवर छापलेले आंकडे २५ अंश उष्णतेच्या घटांवर मोजलेले असतात. कोंकणच्या किनाऱ्यावर एप्रिलच्या दुपारीं डेकवरील पॅनेलचे घट ६५ अंशांपर्यंत तापूं शकतात, आणि प्रत्येक अंशामागें त्यांचा कामाचा दाब सुमारें शेंकडा ०.४ नें उतरतो. चाळीस अंशांच्या वाढीनें १८ व्होल्टचे सुमारें १५ व्होल्टच उरतात. त्याच वेळीं बॅटरी भरत येऊन १४.२ व्होल्टवर पोंचलेली असेल, तर बट्टा कापून एमपीपीटी सुमारें ५.६ अँपिअर देतो; पीडब्ल्यूएम ५.५ देतो. म्हणजे सराफाकडे मोड मागण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. एमपीपीटीचा लाभ पॅनेल थंड आणि बॅटरी रिकामी असतांना सर्वांत जास्त, आणि पॅनेल तापलेलें व बॅटरी भरलेली असतांना सर्वांत कमी असतो. स्कॉटलंडच्या पाण्यांत फिरणाऱ्या नाविकाचा अनुभव लक्षद्वीपकडे जाणाऱ्या नाविकानें जसाच्या तसा उचलूं नये, याचें कारण हेंच.

मग उष्ण समुद्रांत एमपीपीटी घेऊंच नये काय? तसें नाहीं. घरांच्या छपरांवर बसविलेलीं साठ घटांचीं पॅनेलें वॅटच्या मानानें स्वस्त पडतात, आणि त्यांचा कामाचा दाब ३० व्होल्टच्या सुमारास असतो. अशा पॅनेलला बारा व्होल्टच्या बॅटरीवर पीडब्ल्यूएम लावला तर निम्म्याहून अधिक शक्ति वायां जाते. तेथें एमपीपीटीवांचून गत्यंतर नाहीं. दुसरें कारण तारांचें आहे. तारेंत होणारा विजेचा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. पॅनेलांचा दाब तिप्पट ठेवून प्रवाह तिसऱ्या हिश्शावर आणला, तर त्याच तारेंतील नाश नवव्या हिश्शावर येतो. नौकेच्या मागील कमानीवरून बॅटरीपर्यंत पोंचणारी तार लांब असते, म्हणून हा लाभ लहान नव्हे.

उलट, पावसाळ्याचे चार महिने पश्चिम किनाऱ्यावरील नौका बहुधा बांधून ठेवलेल्या असतात. तेवढ्या काळांत शिशाची बॅटरी आपोआप उतरूं नये एवढाच हेतु असेल, तर एक लहान पॅनेल आणि तीन पायऱ्या नीट पाळणारा साधा पीडब्ल्यूएम पुरेसा आहे. तेथें महाग यंत्र घेणें म्हणजे तांब्याभर पाण्यासाठीं मोट बांधणें होय.

आतां प्रत्यक्ष आंकड्यांकडे वळावें. समजा, दहा-अकरा मीटर लांबीची नौका मुंबईहून गोव्यास निघाली. अंतर दोनशेंहून अधिक सागरी मैलांचें. साधारण वाऱ्यांत दोन दिवस आणि दोन रात्री जातात. चोवीस तासांत स्वयंचलित सुकाणूस ४५ अँपिअर-तास, थंड पेटीस ४०, एआयएस व नकाशायंत्र मिळून २४, व्हीएचएफ रेडिओस १०, डोलकाठीवरील एलईडी दिव्यास ४ आणि आंतील दिवे व फोन यांस ७ लागले, तर बेरीज १३० होते. चारशें वॅटचीं पॅनेलें रोज चार तास पूर्ण शक्तीनें चाललीं असें धरल्यास १६०० वॅट-तास, म्हणजे १३ व्होल्टच्या हिशेबानें सुमारें १२३ अँपिअर-तास मिळतात. थोडी तूट बॅटरी सोशील. गोव्यास नांगर टाकल्यावर सुकाणूचा खर्च थांबतो आणि ती तूट भरून निघते. प्रत्येक नौकेचे आंकडे निराळे असतील. पण हा जमाखर्च कागदावर मांडल्याशिवाय नियंत्रक विकत घेऊं नये.

चारशें वॅटला १३ नें भागलें असतां सुमारें ३१ अँपिअर येतात. तापलेलीं पॅनेलें पूर्ण चारशें वॅट क्वचितच देतात, तेव्हां तीस अँपिअरचा एमपीपीटी येथें पुरतो. अशा यंत्रांवर १००/३० यासारखे दोन आंकडे छापलेले आढळतात. पहिला आंकडा पॅनेलकडून सोसतां येणाऱ्या कमाल दाबाचा, दुसरा बॅटरीकडे देतां येणाऱ्या कमाल प्रवाहाचा. या दोन मर्यादांचें पावित्र्य सारखें नाहीं. पॅनेलें थोडीं अधिक झालीं तर चांगला एमपीपीटी जादा प्रवाह घेण्याचें नाकारतो, एवढेंच. पण दाबाची मर्यादा ओलांडली तर यंत्र क्षणांत निकामी होतें. हा दाब मोजतांना पॅनेलचा मोकळा दाब घ्यावा, आणि थंडींत तो वाढतो हें ध्यानांत ठेवावें. मोकळा दाब २२ व्होल्ट असलेलीं चार पॅनेलें एकापुढें एक जोडलीं तर २५ अंशांस ८८ व्होल्ट होतात; गोठणबिंदूच्या थंड, स्वच्छ सकाळीं तोच दाब ९५ च्या जवळ जातो. शंभराच्या मर्यादेपाशीं इतकें जाणें शहाणपणाचें नाहीं.

नौकेवर उन्हाइतकाच सांवलीचाहि विचार करावा लागतो. घराच्या छपरावरील पॅनेल स्थिर असतें. नौका मात्र वाऱ्याबरोबर वळते आणि डोलकाठी, शीड व ताणाचे दोर यांची सांवली पॅनेलांवर फिरत राहते. एकापुढें एक जोडलेल्या घटांपैकीं एकावर दोराची सांवली पडली, तरी त्या ओळींतील प्रवाह आंखडतो. पन्हळ एका ठिकाणीं चेपली म्हणजे सर्वच पाणी कमी येतें, तसेंच हें. पॅनेलच्या आंत बगल देणारे डायोड असतात, त्यामुळें सगळेंच पॅनेल बुडत नाहीं, पण त्याचा एक मोठा भाग तेवढा वेळ निरुपयोगी होतो. पॅनेलें समांतर जोडलीं तर सांवलींतील पॅनेलाचें नुकसान इतरांना लागत नाहीं. मात्र समांतर जोडणींत दाब वाढत नाहीं, आणि पॅनेलचा दाब बॅटरीच्या दाबाहून कांहीं व्होल्ट वर गेल्याखेरीज कित्येक एमपीपीटी कामासच लागत नाहींत.

या पेंचावर एक समंजस तोड आहे. डाव्या अंगाच्या दोन पॅनेलांची एक जोडी आणि उजव्या अंगाच्या दोहोंची दुसरी जोडी करून प्रत्येक जोडीस पंधरा अँपिअरचा स्वतंत्र लहान नियंत्रक द्यावा. एका अंगास शिडाची सांवली असतांना दुसरें अंग आपलें काम करीत राहतें. दोन नियंत्रकांस एकापेक्षां थोडा अधिक खर्च येतो हें खरें. परंतु किनाऱ्यापासून शंभर मैलांवर एक नियंत्रक बंद पडला तर दुसरा निदान दिवे आणि रेडिओ जिवंत ठेवतो. समुद्रावर दुरुस्तीचें दुकान नसतें. तेथें दुसरी सोय हाताशीं असणें हीच खरी बचत.

बसविण्याची जागा हाहि निवडीचाच भाग आहे. नियंत्रक बॅटरीजवळ, कोरड्या आणि हवेशीर जागीं, उभ्या भिंतीवर लावावा. साध्या शिशाच्या बॅटरीच्या अगदीं वर तो लावूं नये, कारण तेथें हायड्रोजन आणि आम्लाची वाफ वर चढते. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असाव्यात. उघडें तांबें खाऱ्या हवेंत हिरवें पडून आंतून खचतें. बॅटरीच्या टोंकाशेजारीं फ्यूज असावाच. बॅटरींत आग लावण्याइतकी शक्ति असते. प्रवाह वाहणारी तार होकायंत्राची सुई विचलित करते, यास्तव येणारी आणि जाणारी तार एकमेकींस पीळ देऊन, होकायंत्रापासून दूर न्यावी. हलक्या प्रतीच्या नियंत्रकाच्या जलद चालू-बंद होण्यानें रेडिओंत खरखर उमटते. ज्या नाविकास लघुलहरींवर हवामानाचा इशारा ऐकावयाचा आहे, त्यानें यंत्र बसविल्यावर भर दुपारीं रेडिओ लावून पाहावा. खरखर ऐकूं आली तर ती बंदरांतच ऐकूं यावी, वादळाच्या आदल्या रात्रीं नव्हे.

शेवटीं जोडणीच्या क्रमाविषयीं. प्रथम बॅटरी नियंत्रकास जोडावी, नंतर पॅनेल. सोडवितांना प्रथम पॅनेल, नंतर बॅटरी. भर उन्हांत बॅटरी अचानक दूर झाली तर पॅनेलची शक्ति जाण्यास वाट उरत नाहीं, दाब एकाएकीं उसळतो आणि नियंत्रक किंवा नौकेवरील नाजूक उपकरणें जळण्याचा संभव असतो. लिथियम बॅटरी स्वतःच्या रक्षणासाठीं आपला संबंध आपण तोडूं शकते. म्हणून तिच्यासाठीं नियंत्रक घेतांना, बॅटरीच्या रक्षकयंत्रणेची सूचना मिळतांच भरणें थांबविण्याची सोय त्यांत आहे काय, हें आधीं पाहावें.

सारांश, दुकानांत जाण्यापूर्वीं नौकास्वामीजवळ चार प्रश्नांचीं उत्तरें लिहिलेलीं असावींत. बॅटरी कोणत्या जातीची आहे आणि तिला कोणता दाब हवा? दिवसाचा खर्च किती? पॅनेलांचा मोकळा दाब सर्वांत थंड दिवशीं किती होईल? सांवली कोठून कोठें फिरते? हीं उत्तरें हातीं असतील तर दुकानदाराची स्तुति आणि पेटीवरील झगमगीत अक्षरें यांचा मोह पडत नाहीं. सूर्य आपलें देणें कोणास विचारून देत नाहीं. तो भरपूर देतो, अवेळीं देतो, आणि संध्याकाळीं हात आंखडतो. त्या अनियमित दानांतून रात्रभर पुरेल इतकी शिदोरी नीट बांधून ठेवणें हें त्या लहान पेटीचें काम आहे. मध्यरात्रीं समोरून येणाऱ्या जहाजाच्या पहारेकऱ्यास एका लहान नौकेचा हिरवा दिवा वेळेवर दिसतो आणि तो आपलें सुकाणू वळवितो, त्यांत त्या पेटीचाहि वांटा असतो.